घरगुती वापरातली पुस्तकं

जागा दाखवायच्या आधी आमच्या घरमालकांनी माझे हात पाहिले. दोन्ही बाजूंनी. मी साताऱ्याहून लग्न होऊन नुकतीच ग्वाल्हेरला आलेली, आमच्या ह्यांच्या मागे पदर सावरून उभी. मला वाटलं, इथे भाडेकरू ठेवताना हात बघायची पद्धत असेल. संस्थानी गाव, काय सांगावं. मालक म्हणाले, "हात कोरडे आहेत. चालेल." आणि जयेंद्रगंजातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला.

खुलासा आठ दिवसांनी झाला. खाली बैठकीत काचेच्या दारांच्या चार अलमाऱ्या होत्या. कपाटाला तिकडे अलमारीच म्हणतात, आणि मीही आता तेच म्हणते. त्यांत पुस्तकं. साधीसुधी नव्हेत. कातडी बांधणीची, कण्यावर सोनेरी रेघा, कोपऱ्यांना वेलबुट्टी, आत रंगीत लाटालाटांचा कागद. तळव्याचा घाम कातड्याला बाधतो म्हणून मालक ओल्या हाताच्या माणसाला घरात राहूच देत नसत. आमच्या आधी एक बँकेतले गृहस्थ बायकामुलांसकट येऊन परत गेले होते, केवळ नमस्कार करताना त्यांचे हात चिकटले म्हणून. पुस्तकांच्या नादी लागलेली माणसं मी पाहिली आहेत, पण हा नमुना निराळाच होता.

मालकांचं घराणं मूळचं शिलेदारांचं. पणजोबा दक्षिणेतून घोड्यावर बसून आले आणि परत जायचं विसरले, असं ते सांगत. स्वतः मालक संस्थानच्या फरासखान्यात दरोगा होते, म्हणजे दरबारचे तंबू, गालिचे, शामियाने सगळे त्यांच्या ताब्यात. संस्थान गेलं, मध्यभारत प्रांत झाला, राजधानी हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला फिरायला लागली. तरी मालक आपले गालिच्यांपाशीच. फरक एवढाच, की पूर्वी गालिचा राजेसाहेबांसाठी अंथरायचा आणि आता मंत्र्यांच्या सभेसाठी. "जोडे मात्र पूर्वी लोक काढून येत," असं ते सुस्कारा सोडून म्हणत.

पुस्तकांची निगाही त्यांनी गालिच्यांसारखीच ठेवली होती. पाऊस सरला की गच्चीवर सतरंजी अंथरून सगळी ओळीने ऊन दाखवायला मांडायची. पुस्तकाला नावाने हाक मारायची नाही, रंगाने मारायची. पहिल्या महिन्यात मी वरून ऐकायचे, "डाळिंबीला ऊन दाखवलं का?" "बदामीची तब्येत ठीक नाही वाटत." मी समजले, ह्यांच्याकडे गाई आहेत. दोन दिवस गोठा शोधला.

आणि मांडणी उंचीप्रमाणे! पलटणीत जवान उभे करतात तशी. उंच पहिल्या अलमारीत, बुटकी चौथीत. एकाच ग्रंथाचा पहिला खंड बुटका निघाला आणि दुसरा उंच, तर त्यांची कायमची ताटातूट. मी एकदा धीर करून विचारलं, की मालक, ही दोघं एकच आहेत ना? ते म्हणाले, भाऊ भाऊसुद्धा एका पलटणीत ठेवत नाहीत.

खरेदीची तऱ्हाही और होती. त्या दिवसांत जहागिऱ्या गेल्या होत्या आणि मोठमोठ्या घरांतली पुस्तकं किला गेटच्या रद्दीवाल्याकडे पोत्याने येत. मालक रविवारी तिथे जाऊन उभे राहत. पुस्तक हातात घ्यायचे, कणा चाचपायचे, नाकाशी धरायचे, आणि घेऊन टाकायचे. उघडून बघायचे नाहीत. आमच्या ह्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, "स्थळ बघायला जाऊन कोणी मुलीचे दात मोजतं का?" घरी आल्यावर मग जिल्द उतरवून नवी करायला द्यायची. आपण बांधणी म्हणतो ती तिकडे जिल्द.

घरी कोणी संग्रह बघायला आला, तर पाहुण्याने पाटावर बसायचं, हात गुडघ्यांवर ठेवायचे, आणि पुस्तक मालक दाखवणार. तेसुद्धा दारासारखं किलकिलं करून. एकदा दरबारी पुरोहितांच्या घराण्यातले एक विद्वान आले. त्यांनी एक ग्रंथ मालकांच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि बोट जिभेला लावून पान उलटलं. मालकांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता ह्यांना धरावं लागणार. पण खानदानी माणूस. ते शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, तहान लागलेली दिसते. पाणी मागवू?" शास्त्रीबुवा गेल्यावर तो ग्रंथ आठ दिवस वेगळा ठेवला होता, सुतकात असल्यासारखा.

खंडेनवमीला शिलेदारांच्या घरी शस्त्रं पुजतात. मालकांकडे पणजोबांची एकच तलवार उरली होती. ती मधोमध, आणि तिच्या दोन्ही अंगांना सगळी पुस्तकं उभी करून ते पूजा करायचे. प्रत्येकासमोर झेंडूचं एकेक फूल. नारळ मात्र अंगणात जाऊन फोडायचा, पाणी उडू नये म्हणून. मला त्या दिवशी फार हसू यायचं आणि मी ते दाबून धरायचे. मालक मनोभावे हात जोडून उभे असायचे, हे खरं.

आता त्या घरातली खरी गोष्ट सांगते. पुस्तकाला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यांना होता. आल्यागेल्याला होता, आम्हाला होता, मालकांच्या सख्ख्या भावाला होता. पण पुस्तकं झटकायला तर हवीत, कसर बघायला हवी, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलायला हव्यात. ते काम बायकांचं. म्हणून अलमाऱ्यांच्या किल्ल्या काकींच्या कमरेला. काकी म्हणजे मालकांची बायको. ठेंगणी, गोरी, कमी बोलणारी. झटकणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, असा मालकांचा प्रामाणिक समज होता.

एकदा दुपारी मी विरजण मागायला खाली गेले. मालक कचेरीत. बैठकीत काकी जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या, फडकं खांद्यावर, मांडीवर डाळिंबी उघडी. पूर्ण उघडी, अगदी उताणी. मला बघून त्या दचकल्या, मग म्हणाल्या, "झटकून राहिले." मी म्हटलं, दिसतंय. मग दोघींना असं हसू फुटलं, की विरजण राहिलंच.

त्या दिवसापासून दुपारी आम्ही दोघी झटकायचो. काकींचं माहेरी चौथीपर्यंत शिक्षण झालं होतं, पण वाचायच्या अशा की मी मागे पडायचे. बारा वर्षांत त्यांनी तीन अलमाऱ्या संपवल्या होत्या आणि चौथीत शिरल्या होत्या. खंडांच्या त्या ताटातुटीमुळे एका कादंबरीचा शेवट त्यांनी आधी वाचला आणि सुरुवात दोन वर्षांनी सापडली. पण घरातल्या बाईचं वाचन म्हणजे एक डोळा पुस्तकात आणि एक चुलीवर. भाजी निवडता निवडता, फोडणी घालून येऊन, पीठ मळता मळता. हात पुसला तरी कुठे ना कुठे राहतंच. पानापानांच्या कोपऱ्यांवर काकींचा पिवळा अंगठा उमटलेला होता. आम्ही बेसन लावून काढायचो, ते आणखी पसरायचं. मग पुस्तक मिटून जागेवर ठेवायचं, कणा बाहेर. बाहेरून सगळं सोन्यासारखं. मालक तर उघडणार नव्हतेच.

सगळं असंच चाललं असतं, पण मालकांच्या हौसेने घात केला.

जिल्द करणारे एक म्हातारे मियाँजी दाना ओली नावाच्या गल्लीत राहायचे. संस्थानच्या काळात दरबारची जिल्दसाजी त्यांच्याकडे होती, आणि राजचिन्हाचा पितळी ठसाही. संस्थान विलीन झालं तेव्हा तोफा मोजल्या गेल्या, हत्ती मोजले गेले, पण म्हाताऱ्याच्या पेटीतला ठसा मागायचं कोणाला सुचलं नाही. काम बंद झालं, ठसा पेटीत राहिला. मालकांनी तो पाहिला आणि हट्ट धरला, की माझ्या पुस्तकांच्या कण्यावर हाच उठवा. मियाँजींनी परोपरीने सांगितलं, "हुज़ूर, ये सरकारी निशान है, रहने दीजिए." मालक म्हणाले, चार पिढ्या चाकरी केली आहे, एवढा हक्क आमचा आहे. आधी बांधलेलीसुद्धा पुन्हा पाठवली. एकेक करत तीनशेच्या आसपास पुस्तकांवर सोन्याचं राजचिन्ह चढलं. अलमारीपुढे उभं राहिलं की दरबार भरल्यासारखं वाटायचं, हे मलाही कबूल करावं लागेल.

मग मध्यभारतही गेला. मोठा प्रांत झाला, राजधानी भोपाळला. कचेऱ्यांचे खोके बांधले जाऊ लागले. रोज कोणाची ना कोणाची बदली, रोज कोणाच्या तरी घरी रडारड. त्या बांधाबांधीत असं निघालं, की जुन्या संस्थानच्या एका ग्रंथालयातली पुष्कळशी पुस्तकं जागेवर नाहीत. आणि त्यांची यादी? ती ग्वाल्हेर-इंदूरच्या सहामाही फेऱ्यांत कुठेतरी गळून पडली होती. कोणती पुस्तकं हरवली हे कोणालाच माहीत नव्हतं. कण्यावर राजचिन्ह असायचं, एवढंच माहीत होतं.

एका सकाळी एक तपासनीस साहेब दोन चपराशी आणि रिकामे खोके घेऊन आमच्या दारात उभे राहिले. इंदूरचे, मराठीच, जाडजूड आणि घामेजलेले. मालकांची नजर आधी त्यांच्या हातांकडेच गेली. साहेबांनी चारही अलमाऱ्यांपुढून एक फेरी मारली, सगळीकडे तेच चिन्ह, आणि वही उघडून म्हणाले, की हा सगळा माल सरकारी दिसतो. तुम्ही फरासखान्यात होता, तंबू-गालिचे नेण्याच्या गाड्या तुमच्या ताब्यात होत्या. माल इथे कसा आला?

म्हणजे सरळ चोरी. आणि मालकांचं पेन्शन तोंडावर आलेलं.

मालक म्हणाले, एकूण एक माझी खरेदी आहे. साहेबांनी विचारलं, पुस्तकांवर नाव आहे? नाव घालणं म्हणजे मालकांच्या मते पुस्तकाला डाग देणं, कुठेच नव्हतं. साहेब म्हणाले, मग जिल्दसाजाचं नाव सांगा, त्याला विचारू. इथे मालक थांबले. मियाँजींचं नाव सांगितलं असतं तर दोन मिनिटांत सुटले असते. पण सरकारी ठसा घरात ठेवला म्हणून म्हातारा अडकला असता.

"नाव सांगणार नाही," मालक म्हणाले. "पुस्तकं न्यायची तर न्या."

मी आणि काकी आतल्या दाराशी उभ्या होतो. मी मालकांना पाठीमागे पुष्कळ हसले आहे. त्या वेळी मात्र मला त्यांचा फार अभिमान वाटला.

चपराशांनी खोके पुढे ओढले. साहेबांनी यादी करायला पहिलं पुस्तक काढलं आणि, अरे देवा, उघडलं. मग पानं फरफरा सोडली. थांबले. पुन्हा मागे गेले. "हे काय?" म्हणून त्यांनी पुस्तक मालकांपुढे धरलं. कोपऱ्यावर पिवळा अंगठा. दुसरं काढलं, त्यातही अंगठा. तिसऱ्यात अंगठा आणि वर वरणाचा थेंब.

मालकांनी ते पाहिलं. पुस्तकं चालली होती तेव्हाही त्यांचा चेहरा असा पडला नव्हता. साहेब जरा सौम्यपणे म्हणाले, की सरकारी ग्रंथालयात हळद कुठून येणार? हे तुमच्या घरचं असेल, वर्षानुवर्षं वापरातलं, तर माल तुमचा धरता येईल, तसं सांगा. अगदी दार उघडून दिलं होतं हो त्या माणसाने! आणि आमचे मालक ताठ उभे राहून म्हणाले, "आमच्या घरात पुस्तक कोणी उघडत नाही. शपथेवर सांगतो."

साहेबांनी वही मिटली. म्हणाले, मग ही बाहेरच हाताळली गेली आणि मग इथे आली, असा अर्थ होतो.

काकी माझ्या शेजारून कधी पुढे गेल्या, मला कळलं नाही. डोक्यावर पदर घेऊन त्या बैठकीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. बाहेरच्या पुरुषासमोर मी त्यांना कधी आलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी साहेबांच्या हातातल्या पानावर आपला अंगठा नेऊन ठेवला.

"हा अंगठा माझा आहे."

साहेब म्हणाले, अंगठा काय, कोणाचाही असू शकतो. काकी म्हणाल्या, मग विचारा. साहेबांनी बदामी उचलली. काकींनी कण्याकडे पाहिलं आणि सांगायला लागल्या. हा माणूस बद्रीनाथला पायी निघालाय. तिसऱ्या मुक्कामाला जोडा चावतो, तिथून पुढे देवापेक्षा जोड्याचंच वर्णन जास्त. मध्ये एका पानावर वरण सांडलंय, नणंद आली होती त्या दिवशी. साहेबांनी पानं चाळली. वरण होतं. मग डाळिंबी. मग मोरपंखी. ह्यात वकील बायकोला फसवतो आणि ती त्याच्याच विरुद्ध कोर्टात उभी राहते; शेवटून दहाबारा पानं आधी मेथीचं पान आहे, खूण म्हणून ठेवलेलं, राहून गेलं. वाळलेलं मेथीचं पान निघालं. काकी एरवी चार वाक्यं बोलल्या तर दिवस मोठा म्हणायचा, आणि त्या दिवशी बोलतच होत्या.

मग मलाही राहवेना. मी दारातूनच म्हटलं, की हिरवीच्या पहिल्या पानावर कपाचा गोल आहे, तो माझा. जागा गेली तर गेली, म्हटलं.

साहेबांना त्या वकिलाच्या गोष्टीची फारच गोडी लागली होती. बायकोने कोर्टात काय सांगितलं, म्हणून ते दोनदा विचारते झाले. पण चपराशी ताटकळलेले होते. त्यांनी सुस्कारा सोडून वही पुन्हा उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "राजचिन्हांकित पुस्तकं, घरगुती वापरातील."

"घरगुती?" मालक कळवळून म्हणाले. "साहेब, हा संग्रह आहे. दुर्मिळ ग्रंथ आहेत."

"संग्रह लिहिलं तर भोपाळला जातील. घरगुती लिहिलं तर इथे राहतील. बोला."

मालकांनी चारही अलमाऱ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "घरगुती लिहा," म्हणाले. साहेबांनी काकींना नमस्कार केला आणि रिकामे खोके घेऊन गेले.

पुस्तकं वाचली, पण घर कसलं, स्मशान. मालक कोणाशी बोलेनात. जेवायला बसत, मान खाली घालून उठत. पहिल्याच दिवशी काकींनी कमरेच्या किल्ल्या काढून त्यांच्या पाटाशी ठेवल्या होत्या, त्या तिथेच पडून. कोणी उचलेना. आम्ही वरती बिऱ्हाड आवरायच्या मनाने बसलो होतो. काकी मला म्हणाल्या, त्यांनी ओरडावं तरी, म्हणजे मोकळी होईन.

रविवार आला. मालक किला गेटला गेले नाहीत. काकी आणि मी अंगणात मटार सोलत बसलो होतो, तर ते आले आणि आमच्यासमोर खाली फरशीवरच बसले. मी उठायला लागले, त्यांनी हाताने बस म्हटलं.

"त्या वकिलाच्या बायकोने कोर्टात काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

काकींचा हात थांबला. त्या म्हणाल्या, पुस्तक तुमचंच आहे. मला वाटलं, आता काकींचा टोमणा येणार, आणि यायलाच हवा होता. पण मालकच पुढे बोलायला लागले, आमच्याकडे न बघता.

"मी वाचायला घेतलं होतं. पुष्कळदा. तू झोपलीस की बसायचो. कचेरीचा कागद वाचतो मी, माल किती, तंबू किती. पण ह्यात दोन पानं गेली की काय म्हणून राहिलेत तेच समजत नाही. आमच्याकडे घोड्यावर सगळ्यांनी बसवलं, पुस्तकापुढे कोणी बसवलं नाही. पण हातात घेतलं की एवढं कळतं, की आत काहीतरी चांगलं आहे. मला आत जाता येत नाही, तर निदान बाहेरून तरी चांगलं करावं म्हणून जिल्द करतो."

काकी म्हणाल्या, "मला का नाही विचारलं कधी?"

"लाज वाटली," मालक म्हणाले.

माझे डोळे भरून आले आणि मी उगाचच टरफलं गोळा करत बसले. काकी उठल्या. हात पुसले की नाही आठवत नाही. किल्ल्या घेतल्या, आतून मोरपंखी घेऊन आल्या आणि मालकांच्या शेजारी बसून मला म्हणाल्या, "तू जा वर आता."

मी वर गेले. सबंध नाही गेले. अर्ध्या जिन्यात बसले, खोटं कशाला बोलू. काकी पहिल्या पानापासून वाचत होत्या, सावकाश, लहान मुलाला भरवावं तसं. मालक मध्येच त्यांना थांबवत होते आणि म्हणत होते, "हे परत वाच."